वादळाचा पंचनामा

दिनांक १३ मे २०२४ ची दुपार बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या लोकांना आठवत असेल. बारावीच्या निकालाला आठ दिवस उरले होते, त्यामुळे मी बदलापूरला घरीच होते. ऊन होते ते एकाएकी गेले, आभाळ मातकट झाले, धुळीची भिंतच्या भिंत उभी राहिली आणि तिच्या पाठोपाठ वारा आला. पाऊस नंतर आला. आमच्या चाळीत तेरा खोल्या आहेत. त्यांतल्या पाच खोल्यांवरचे पत्रे त्या वाऱ्याने नेले. आमचे राहिले, कारण वडील दर मे महिन्यात पत्र्यांवर रेतीची पोती चढवतात आणि त्याबद्दल चाळीत त्यांची दरवर्षी थट्टा होते. त्याच दिवशी मुंबईत घाटकोपरला जाहिरातीचा अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसे मेली.

संध्याकाळी वीज नव्हती. सगळी चाळ बाहेर ओट्यावर बसली होती. कोणी म्हणे चक्रीवादळ, कोणी म्हणे वावटळ. एका मुलाने मोबाइलवर काहीतरी पाहून "टोर्नेडो होता, टोर्नेडो" असे जाहीर केले. पत्रे गेलेल्यांपैकी एक काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू शिकतेस ना गं? मग सांग बघू, केवढं होतं हे वादळ?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे रेशनकार्डाच्या अर्जापासून औषधाच्या बाटलीवरच्या बारीक अक्षरांपर्यंत चाळीतले सगळे प्रश्न माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांची उत्तरे मी ठोकून देते. या प्रश्नाचे उत्तर मात्र मला देता आले नाही. वादळ केवढे हे ठरवतात तरी कसे? गहू तराजूत घालता येतो, कापड गजाने मोजता येते. येऊन गेलेल्या वाऱ्याचे काय मोजणार? पुढे बी. ए. ला भूगोल घेतला, ग्रंथालयातून काही पुस्तके काढली, आमच्या सरांना प्रश्न विचारून पुष्कळ त्रास दिला. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे. मी शास्त्र शाखेची विद्यार्थिनी नव्हे, तेव्हा चुकभूल द्यावी घ्यावी.

प्रथम नावांचा घोळ. मराठीत आपण 'चक्रीवादळ' हा एकच शब्द दोन फार निराळ्या गोष्टींना लावतो. एक समुद्रावरचे. ते उष्ण पाण्यावर पोसते, त्याचा पसारा शेकडो किलोमीटरचा, आयुष्य काही दिवसांचे, आणि त्याला बारशाचे नावही मिळते. दुसरे जमिनीवरचे. ते प्रचंड गडगडाटी ढगाच्या पोटातून सोंडेसारखे खाली उतरते. खालची हवा दमट व ऊबदार, वरची कोरडी व थंड, आणि जसजसे वर जावे तसतशी वाऱ्याची दिशा व गती बदलत गेलेली, असा योग जुळला म्हणजे ढगातला वर चढणारा झोत स्वतःभोवती फिरू लागतो. त्यातून क्वचित ही सोंड जमिनीला टेकते. हा टोर्नेडो. तो बहुधा काही मीटर ते काहीशे मीटर रुंद असतो आणि मिनिटांत संपतो. आपल्या पुस्तकांत त्याला 'घूर्णवाती वादळ' असे भारदस्त नाव दिले आहे. ते माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी टोर्नेडोच म्हणेन. आपली उन्हाळ्यातली वावटळ ही त्याची सोंगाडी बहीण. तिला ढग लागत नाही, नुसती तापलेली जमीन पुरते, आणि ती फार तर वाळत घातलेले कपडे नेते.

टोर्नेडो फक्त अमेरिकेत होतात असे मला वाटत असे. ते खरे नाही. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत, तेथील विद्यापीठाच्या परिसरात टोर्नेडो उतरला होता. काही मिनिटांत २८ माणसे मेली आणि शेकडो जखमी झाली. २४ मार्च २०२३ रोजी पंजाबात फाजिल्का जिल्ह्यातल्या बकैनवाला नावाच्या लहानशा गावावरून तो गेला. पन्नासच्या आसपास घरे पडली आणि संत्र्यासारख्या किन्नू फळाच्या बागा मोडून गेल्या. त्याच्या पुढच्याच वर्षी, ३१ मार्च २०२४ ला, पश्चिम बंगालमधील जलपायगुडी जिल्ह्यात मैनागुडीच्या भागात घरे जमीनदोस्त झाली. जगातला सर्वांत जीवघेणा समजला जाणारा टोर्नेडोही अमेरिकेतला नाही. तो आपल्या शेजारच्या बांगलादेशातला. २६ एप्रिल १९८९ रोजी मानिकगंज जिल्ह्यातील दौलतपूर व सातुरिया या भागात सुमारे १,३०० माणसे त्यात गेली. हे गाव पुन्हा लागेल, म्हणून लक्षात ठेवावे.

आता मूळ प्रश्न. वारा मोजायला यंत्र असते, वाट्या फिरणारे, हे आपण शाळेत शिकतो. पण टोर्नेडो इतका अरुंद असतो की तो नेमका यंत्रावरून जाईल असा योग जवळजवळ येतच नाही, आणि आलाच तर बहुधा यंत्रच उरत नाही. म्हणून जाणकार मंडळी वाऱ्याला मोजायचे सोडून वाऱ्याने काय केले ते पाहतात. ही युक्ती जुनी आहे. १८०५ साली फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने वाऱ्याच्या पायऱ्या पाडल्या, त्या जहाजावर किती शिडे ठेवता येतात यावरून. पुढे जमिनीसाठीही तशा खुणा ठरल्या. धूर सरळ वर जातो तो शून्य. छत्री सांभाळणे कठीण होते तो सहा. झाडांच्या डहाळ्या मोडू लागतात तो आठ. बारावी पायरी शेवटची, ताशी ११८ किलोमीटर आणि त्यापुढे सगळे. कोकणातला म्हातारा माणूस माडाच्या झावळ्या कशा हलतात हे पाहून होडी घालायची की नाही ते ठरवतो. ब्यूफोर्टसाहेबाने तेच केले, फक्त लिहून ठेवले.

बाराच्या पुढे काय, हा प्रश्न सोडवला तेत्सुया फुजिता यांनी. या माणसाची हकीकत मला इतकी आवडली की येथे थोडे थांबते. १९२० साली जपानमध्ये जन्म. १९४५ साली ते कोकुरा शहराच्या जवळच एका तांत्रिक महाविद्यालयात शिकवीत होते. ९ ऑगस्टला दुसरा अणुबाँब टाकायचा होता तो याच कोकुरावर. त्या दिवशी शहरावर ढग व धूर होता, खालचे काही दिसेना, म्हणून विमान पुढे नागासाकीला गेले. पुढे फुजिता हिरोशिमा व नागासाकी येथे पाहणीसाठी गेले. जळलेल्या वस्तू कोणत्या अंगाने करपल्या आहेत आणि झाडे कोणत्या दिशेला पडली आहेत हे पाहून त्यांनी बाँब जमिनीपासून किती उंचीवर फुटला असेल याचा हिशेब मांडला. कबरस्तानात बांबूच्या फुलदाण्या होत्या, त्या एकाच बाजूने करपल्या होत्या. एवढी एक फुलदाणी त्यांना आकाशातल्या जागेचा पत्ता सांगत होती.

१९५३ साली ते शिकागो विद्यापीठात गेले आणि हीच नजर त्यांनी टोर्नेडोकडे वळवली. १९७१ साली त्यांनी आपली श्रेणी प्रसिद्ध केली. ब्यूफोर्टची बारावी पायरी आणि आवाजाची गती यांच्यामध्ये त्यांनी बारा पायऱ्या बसवल्या; व्यवहारात त्यांतल्या शून्यापासून पाचापर्यंतच्याच वापरल्या जातात. एफ-० म्हणजे फांद्या मोडतात, धुराडी पडतात. एफ-५ म्हणजे भक्कम घर पायावरून उचलून नेले जाते, चौथरा तेवढा उरतो. टोर्नेडो येऊन गेल्यावर माणसे पायी फिरतात, फोटो काढतात, काय मोडले आणि कसे मोडले ते लिहितात आणि त्यावरून आकडा ठरवतात. हे वाचले तेव्हा मला हसू आले. याला आपल्याकडे पंचनामा म्हणतात!

या पंचनाम्यातून फुजितांना एक अनपेक्षित गोष्ट सापडली. ३ व ४ एप्रिल १९७४ या दोन दिवसांत अमेरिकेत १४८ टोर्नेडो झाले. विमानातून पाहणी करताना त्यांना काही रानांत झाडे गोल फिरून पडलेली दिसली नाहीत. ती एका मध्यापासून चहूकडे, चाकाच्या आऱ्यांसारखी पडलेली होती. त्यांना हिरोशिमा-नागासाकीची झाडे आठवली. हा टोर्नेडो नव्हे, हे ताडून त्यांनी सांगितले की ढगातून थंड हवेचा लोट खाली आदळतो आणि जमिनीवर आपटून बाहेर पसरतो. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरताना एक विमान कोसळले, त्यामागेही असाच लोट होता असे त्यांनी दाखवून दिले. प्रथम पुष्कळांचा विश्वास बसला नाही. आज विमानतळांवर अशा लोटाची सूचना देणारी यंत्रे असतात ती या शोधामुळे.

हे वाचल्यावर मी आमच्या चाळीचा पंचनामा केला. उशिरा केला, पण त्या संध्याकाळचे फोटो एका मुलाच्या मोबाइलमध्ये होते. पाचही खोल्यांचे पत्रे नाल्याच्या बाजूला जाऊन पडले होते. कोपऱ्यावरचा शेवगा त्याच बाजूला मोडला होता आणि केबलचा खांबही तिकडेच कलला होता. कुठे काही गोल फिरल्याची, एक पत्रा इकडे तर दुसरा तिकडे गेल्याची खूण नव्हती. म्हणजे तो सरळ रेषेत धावणारा वारा होता. कुठेतरी दूर ढगातून आदळून पसरलेल्या लोटाची ती पुढची कड, आणि धुळीची भिंत ही त्या कडेनेच उचललेली. मी मोठ्या उत्साहाने काकूंना सांगायला गेले की तो टोर्नेडो नव्हता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बरं. मग पत्र्याचे पैसे कमी लागले असते का?"

काकूंच्या या प्रश्नाकडे मी पुन्हा येणार आहे.

फुजितांच्या श्रेणीत एक उणीव होती. घर उडाले म्हणजे वारा अमुक वेगाचा, असे म्हणताना घर कसे बांधले होते हे पुरेसे विचारले जात नव्हते. अभियंत्यांनी पाहिले की अनेक घरे पायाला नीट जखडलेलीच नसतात, ती बऱ्याच कमी वाऱ्यातही सरकतात. म्हणून टेक्सासमधील एका विद्यापीठात अभियंते व हवामानतज्ज्ञ एकत्र बसले आणि २००७ पासून अमेरिकेत सुधारित फुजिता श्रेणी, म्हणजे ईएफ, सुरू झाली. तिची सुरुवात ताशी १०५ किलोमीटरपासून होते. ताशी ३२२ किलोमीटरच्या पुढे ईएफ-५. तीत २८ प्रकारच्या वस्तू ठरवून दिल्या आहेत: राहते घर, शाळा, गोठ्यासारखे शेतातले बांधकाम, विजेचा खांब, कठीण लाकडाचे झाड, मऊ लाकडाचे झाड इत्यादी. प्रत्येकीच्या मोडण्याच्या पायऱ्या लिहिलेल्या. उदाहरणार्थ, साध्या राहत्या घराच्या दहा पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीवर घर साफ वाहून गेलेले असते आणि त्यासाठी ताशी ३२२ किलोमीटर वारा धरतात. पण बांधणी कच्ची असेल तर तोच आकडा ताशी २६५ पर्यंत खाली आणतात. म्हणजे पंचनामा करणारा आधी 'काय उडाले' असे विचारीत नाही. तो विचारतो, 'उडाले ते किती घट्ट होते?'

ही कल्पना नीट समजावी म्हणून आपल्याच भागात एक फेरी मारू. अंबरनाथचे शिवमंदिर घ्या. शिलाहारांच्या काळचे, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले. साडेनऊशेहून अधिक पावसाळे त्याने अंगावर घेतले आहेत. त्याच्या दगडी भिंतीला वारा काही करू शकला नाही म्हणून वारा हलका होता असे म्हणता येणार नाही. मग उल्हासनगरच्या बराकी घ्या. लष्कराच्या छावणीसाठी बांधलेल्या, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची घरे झालेल्या. त्यांत कोणी भिंत वाढवली, कोणी छप्पर बदलले. मग बदलापूरच्या नव्या सिमेंटच्या इमारती. आणि मग आमची चाळ, जिचे पत्रे नुसत्या वजनावर आहेत. एकच वारा या चौघांवरून गेला तर चार निरनिराळ्या जबान्या मिळतील. मंदिर म्हणेल, मला काही कळले नाही. इमारत म्हणेल, खिडकीच्या काचा गेल्या. चाळ म्हणेल, सर्वस्व गेले. तज्ज्ञाला यांतली चाळीची जबानी सर्वांत निरुपयोगी, कारण पत्रे ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्यातही उडतात आणि ३०० च्या वाऱ्यातही उडतात. लवकर पडणारी वस्तू, आपण पडलो त्यानंतर वारा किती वाढला, हे सांगू शकत नाही.

येथूनच या मोजणीतली खरी अडचण सुरू होते, आणि ती लहान वस्त्यांची अडचण आहे. ४ मे २००७ रोजी अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ग्रीन्सबर्ग या दीडएक हजार वस्तीच्या गावावरून टोर्नेडो गेला. गावातली ९५ टक्के बांधकामे नष्ट झाली. तेथे शाळा होती, विटांची पक्की घरे होती, म्हणजे जबाब द्यायला साक्षीदार होते. नव्या श्रेणीतला तो पहिला ईएफ-५ ठरला. उलट ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमा राज्यात एल रेनोजवळ एक टोर्नेडो झाला. त्याची रुंदी चार किलोमीटरहून अधिक होती. फिरत्या रडारने त्यात जमिनीलगत ताशी पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपासचे वारे टिपले. पण तो बहुतांशी मोकळ्या शेतांवरून गेला, मोडायला भक्कम असे काही वाटेत नव्हते, आणि नियमाप्रमाणे त्याला ईएफ-३ दिला गेला. आधी रडार पाहून पाच दिला होता, तो मागाहून खाली आणला. नियम म्हणतो मोडलेले पाहा, आणि मोडलेले तेवढेच होते.

याहून ताजे उदाहरण नॉर्थ डकोटा राज्यातील एन्डरलिनचे. २० जून २०२५ च्या रात्री तेथील ग्रामीण भागात टोर्नेडोने तिघांचा बळी घेतला. शेते, झाडांच्या रांगा, विखुरलेली घरे, एवढाच मुलूख. एरवी यालाही मधलाच आकडा मिळून विषय संपला असता. पण वाटेत एक मालगाडी होती. धान्याने भरलेल्या वाघिणी उलथल्या आणि एक रिकामी टाकीची वाघीण उचलली जाऊन सुमारे दीडशे मीटरवर पडली. वाघिणीचे वजन माहीत असते, आकार माहीत असतो. अभियंत्यांनी हिशेब केला आणि ऑक्टोबरमध्ये त्या टोर्नेडोला ईएफ-५ दिला. २०१३ नंतर बारा वर्षांत पहिला. एका गावाच्या वादळाची साक्ष त्या दिवशी तेथून जाणाऱ्या मालगाडीने दिली.

आता मानिकगंज आठवावे. तेराशे माणसे गेली तेथे घरे होती बांबूची, कुडाची, पत्र्याची. ती सगळी पडली, पण त्यांतले एकही 'मी ताशी तीनशेपर्यंत टिकलो' असे सांगण्याच्या योग्यतेचे नव्हते. वारा किती भयंकर होता हे त्या घरांवरून ठरवता येत नाही. जेथे नुकसान सर्वांत जास्त तेथेच ही मोजपट्टी आंधळी होते. मला वाटते, हा फुजितांचा दोष नव्हे. त्यांची पट्टी वारा मोजते. माणसाचे काय गेले हे मोजायला ती केलेलीच नाही. घोटाळा होतो तो आपण एकीचे काम दुसरीकडून करून घेऊ लागतो तेव्हा. हे मला पुस्तकातून कळले नाही, माझ्या मामाच्या घरावरून कळले.

आईचे माहेर रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आहे. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आले. हे समुद्रावरचे, टोर्नेडो नव्हे. समुद्री वादळांच्या पायऱ्या आपल्या हवामान खात्याने वेगळ्या ठरवल्या आहेत. ताशी ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र आणि २२२ पासून महाचक्रीवादळ. 'निसर्ग' ताशी सुमारे ११० किलोमीटरचे, म्हणजे 'तीव्र' या पायरीवरचे, खालून दुसरे. (येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हवामान खाते तीन मिनिटांच्या वाऱ्याची सरासरी धरते, तर ईएफ श्रेणी तीन सेकंदांच्या झोताची. त्यामुळे दोन्ही आकडे एकाच ओळीत मांडून तुलना करणे बरोबर नाही.) कसेही धरले तरी टोर्नेडोच्या पट्टीवर हा वारा तळाच्या पायऱ्यांवर बसतो. पण टोर्नेडो दोन-चार मिनिटांत जातो. हा वारा तासन् तास होता.

मी तेव्हा आठवी संपवून नववीत जाणार होते. टाळेबंदी होती. आठ दिवस मामाचा फोन लागत नव्हता. आई स्वयंपाक करायची आणि स्वतः जेवायची नाही. नवव्या दिवशी मामा कोणाच्या तरी मोटारसायकलवरून रेंज असलेल्या जागी आला आणि एवढेच बोलला, "माणसं आहेत."

घर कौलारू, जांभ्या दगडाच्या भिंतींचे. कौले तर गेलीच, वासे आणि रिपाही मोडल्या. भिंती उभ्या राहिल्या. वाडीत एकशे चाळीस पोफळी होत्या, अकरा उरल्या. सतरा माडांपैकी पाच. पंचनामा झाला तेव्हा कागदावर घराच्या रकान्यात शब्द आला: अंशतः. पंचनामा करणारे गृहस्थ वाईट नव्हते. त्यांना एका दिवसात साठ घरे पाहायची होती आणि त्यांच्या कागदावर पायऱ्याच तेवढ्या होत्या. त्या काळच्या केंद्रीय निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात पूर्ण किंवा गंभीर पडझड झालेल्या घराला ९५,१०० रुपये. अंशतः, म्हणजे निदान १५ टक्के, पडझड झालेल्या पक्क्या घराला ५,२०० आणि कच्च्याला ३,२००. 'निसर्ग'च्या वेळी राज्य शासनाने या रकमा वाढवून दिल्या, हेही सांगितले पाहिजे. पण 'पूर्ण' आणि 'अंशतः' यांच्यामध्ये दरी होतीच. साध्या घराच्या मोडण्याला अमेरिकेतल्या वारा मोजणाऱ्याने दहा पायऱ्या पाडल्या. आपल्या केंद्रीय निकषांत त्या घरात राहणाऱ्याच्या वाट्याला दोन.

मामा यावर एकदाच बोलला. "भिंती उभ्या होत्या म्हणून अंशतः. माणूस काय भिंतीखाली राहतो? छपराखाली राहतो." अमेरिकेतला तज्ज्ञ आला असता तर त्यानेही हेच टिपून घेतले असते की छप्पर गेले, भिंती उभ्या, तेव्हा वारा मध्यम. वाऱ्यापुरते ते बरोबर ठरले असते. त्याच निरीक्षणावरून माणसाचे नुकसानही मध्यम ठरते, तेथे काकूंचा प्रश्न उभा राहतो. पत्र्याचे पैसे वाऱ्याच्या आकड्यावर ठरत नाहीत. पोफळीला धरायला पाच-सात वर्षे लागतात, जुन्या जातीच्या माडाला त्याहूनही जास्त. ताशी ११० किलोमीटर हा वेग या हिशेबात कोठेच येत नाही.

गेल्या मे महिन्यात मी मामाकडे गेले होते. घरावर आता पत्रे आहेत, हुक मारून घट्ट बसवलेले. कौले परत चढवणे परवडले नाही. वाडीत नव्या पोफळी माझ्या डोक्याच्या वर गेल्या आहेत. वाडीच्या एका कोपऱ्यात मामाने पडलेल्या माडांचे चार-पाच बुंधे तसेच ठेवले आहेत. मी फुजितांचे ऐकून ते कोणत्या बाजूला पडले आहेत ते पाहू लागले, तर चक्रावून गेले. तीन बुंधे समुद्राकडे तोंड करून पडलेले आणि दोन उलट, डोंगराकडे. पहिल्यांदा वाटले, एवढ्यात इथे टोर्नेडो कुठून आला?

मामाला विचारले. तो म्हणाला, "आधी वारा डोंगराच्या अंगानं आला. मग मध्येच थांबला, अगदी शांत, पान हलेना. आम्हाला वाटलं, संपलं. आम्ही बाहेर आलो. तुझी आजी म्हणाली, आत व्हा, हे जाऊन परत येणार आहे. मग आला तो दर्यावरून."

माझ्या वहीत त्याचे चित्र आहे. वादळ घड्याळाच्या उलट फिरते. ते नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जात असेल तर त्याच्या वाटेवरच्या गावाला आधी आग्नेयेचा वारा लागतो, मग मधला शांत डोळा जातो, मग वायव्येचा. आमच्या वाडीत तीन बुंधे आधीच्या वाऱ्याचे आणि दोन नंतरच्या. आजी शाळेत गेलेली नाही. तिला हे कसे ठाऊक, असे मी विचारले, तेव्हा ती सुपाऱ्या सोलत होती. "माझ्या लहानपणी एकदा असंच झालं होतं," एवढे म्हणून तिने टोपली माझ्याकडे सरकवली.